पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड

काकूंच्या घरात कुठलीही नवी वस्तू येण्याआधी तिची पुठ्ठ्याची आवृत्ती येत असे. नवा फ्रीज घ्यायचं ठरलं तेव्हा स्वयंपाकघरात आधी पुठ्ठ्याचा फ्रीज उभा राहिला. तीच उंची, तीच रुंदी, आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते कळावं म्हणून एका कडेला चिकटपट्टीची बिजागरी. पुढचे कितीतरी दिवस काकू त्याला वळसा घालून ओट्याकडे जात, वाकून पोळपाट काढत आणि मधेच थांबून म्हणत, "इथं कोपर लागून राहिलं." मग फ्रीज चार बोटं डावीकडे सरके. एकदा पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. त्यांनी हातातली भाजीची पिशवी त्या फ्रीजवर ठेवली, आणि पिशवीसकट फ्रीज खाली बसला. बाई घाबरून गेल्या. काकू मात्र खूश. "पाहा, लोकं वर सामान ठेवतात. मंग उंचच घ्यावा लागंल, कोणाचा हातच पुरला नाही पाहिजे."

मी त्यांची वरच्या खोलीतली भाडेकरू. नवा रायपूरमधल्या एका कार्यालयात मला नोकरी लागली होती, आणि अमरावतीच्या मावशीच्या ओळखीने ही खोली मिळाली होती. खोली दाखवताना काकूंनी मला डोक्यापासून टाचेपर्यंत एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "पलंग तुले आखूड पडंल." पडलाच. मी येण्याआधी त्यांनी वरच्या खोलीत एखादी पुठ्ठ्याची भाडेकरू निजवून पाहिली होती की काय, ही शंका रायपूर सोडलं तरी माझ्या मनातून गेलेली नाही.

खालच्या पुढच्या खोलीत त्यांचा शिवणक्लास चाले. अर्ध्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुली तिथे शिकून गेलेल्या. मराठी घरांत त्या 'क्लासवाल्या काकू', बाकीच्यांच्या 'सिलाईवाली दीदी'. क्लासचा नियम एकच. कापडाला कात्री लावण्याआधी तोच कपडा कागदात कापायचा, टाचण्यांनी जोडायचा आणि अंगावर घालून उभं राहायचं. मी कितीतरी वेळा जिन्यावरून जाताना पाहिलं आहे, कागदी ब्लाउज घातलेल्या चार मुली रांगेत उभ्या, श्वास घ्यायला घाबरताहेत, आणि काकू हातात खडू घेऊन त्यांच्याभोवती फिरताहेत. "घे न श्वास! लग्नात श्वास घेणार नाहीस काय?" असं म्हटलं की त्या मुलीचा कागद पाठीवर टर्रकन फाटायचा. काकू शांतपणे म्हणायच्या, "कागद फाटला त हसू येते. कापड फाटलं त रडू येते. आत्ताच हसून घे."

पुठ्ठा पंडरीच्या कापडबाजारातून येई. अस्तराचं कापड आणायला त्या तिथल्या ठोक दुकानांत जात आणि कापडापेक्षा साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठेच जास्त घेऊन परतत. चांगल्या पुठ्ठ्याला त्या बोटांनी चाचपून पाहत, जशा इतर बायका साडीचा पोत पाहतात. त्यांच्याकडून 'छान' किंवा 'सुंदर' असा शब्द मी कधी ऐकला नाही. सगळं जमलं की त्या म्हणत, "बसलं." झालं, एवढंच. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी नवरीच्या वेशात पाया पडायला आली. काकूंनी तिला मागे वळवलं, खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बसलं." ती मुलगी रडायला लागली.

अशा बाईंच्या घरातून एका रविवारी सकाळी ट्रकचा भोंगा ऐकू आला. मला वाटलं, गल्लीत ट्रक शिरला. माझी स्कूटी बाहेर उभी, म्हणून मी तणतणत खाली आले. गल्लीत एक कुत्रं सोडून कोणी नव्हतं. भोंगा पुन्हा वाजला, तो क्लासच्या खोलीतून. दारातून पाहते तो काकू शिवणाच्या टेबलापाशी बसलेल्या, टेबलाला घट्ट बसवलेलं एक स्टिअरिंगचं चाक, पायाशी दोन पायडल, आणि समोरच्या पडद्यावर कुठल्यातरी परदेशी रस्त्यावर धावणारा भलामोठा ट्रक.

"बस," त्या मागे न पाहता म्हणाल्या. "पण मधी बोलू नको. पोट्टा बोलून राहिला."

पोट्टा म्हणजे त्यांचा मुलगा. पुण्याला नोकरीला होता. तो त्याच्या खोलीत बसून त्याच खेळात, त्याच रस्त्यावर, काकूंच्या पुढच्या ट्रकमध्ये होता. टेबलावरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज येत होता, कारण कानात काही घातलं की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, असं काकूंचं म्हणणं.

"आई, लेफ्ट में रहो, लेफ्ट में."

"लेफ्टलेच आहे मी. तू पुढं पाहाय."

रायपूरमधल्या पुष्कळ मराठी घरांत असंच चालतं. आई मराठीत बोलते, मूल हिंदीत उत्तर देतं, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

मग मी दर रविवारी चहाचा कप घेऊन खाली येऊ लागले. मी मूळची चौकस, आणि असा तमाशा फुकटात दुसरीकडे कुठे मिळणार? काकूंचं ट्रक चालवणं बघण्यासारखं होतं. पाय तर त्यांचा आयुष्यभर पायडलवरच होता, त्यामुळे ब्रेक असा दाबत की मागचा माल हलू नये. वळायच्या कितीतरी आधी इंडिकेटर. रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबत. ट्रकमध्ये काहीही भरलेलं असो, लाकूड, औषधं, सफरचंदं, त्या त्याला 'उरल्याचा माल' म्हणत, कारण त्यांचे यजमान रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये होते आणि ट्रकमध्ये लोखंडाशिवाय काही जातं हे त्यांना मनातून पटलेलं नव्हतं. घाट आला की बस्तरच्या वाटेवरचा घाट आठवून म्हणत, "आलं केशकाल." रुंद, गुळगुळीत आणि निर्मनुष्य रस्ता लागला की "हे त आपलं नवा रायपूर." रोज त्याच रस्त्यावर बसची वाट पाहणाऱ्या मला हे एकदम पटायचं.

लहानपणी हा मुलगा वडिलांबरोबर स्कूटरवर उरल्याला जाई आणि गेटबाहेर उभे असलेले ट्रक पाहत राही. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता. तेव्हापासून त्याचं बोलणं आटलं. पुण्याला जाताना त्याने हा गेमिंगचा संगणक घरीच ठेवला, तिकडे दुसरा जोडला, आणि एका दिवाळीत आईला गंमत म्हणून हा खेळ शिकवला. त्याला वाटलं असेल, आई दोन दिवस खेळेल आणि सोडून देईल.

"फोनवर काय बोलते हा?" काकूंनी मला एकदा सांगितलं. "'हाँ.' 'खा लिया.' 'ठीक है.' 'रखता हूँ.' पण समोर रस्ता असला का बोलते. तोंडाकडं पाहिलं का बंद होते. त्याचे बाबा बी असेच होते, स्कूटरवर पाठीमागं बसलं त सारं सांगत, घरी आल्यावर मुके."

हे खरंच होतं. मी ऐकलं आहे. करपलेल्या डोशाबद्दल, ऑफिसच्या लिफ्टबद्दल, मित्राच्या मोडलेल्या साखरपुड्याबद्दल, आणि एकदा बराच वेळ वडिलांच्या चपलांबद्दल तो बोलला. काकू फक्त "हव, हव" करत गाडी हाकत होत्या. आठवड्यातला तो एक तास सोडला, तर त्यांना मुलगा नव्हताच म्हणायचा.

आणि एका रविवारी तो म्हणाला, "आई, खेल का नया वर्जन आ गया है. आपके मशीन पे नहीं चलेगा. अब रहने दो ना. फोन पे बात कर लेंगे."

काकूंचे हात चाकावरच राहिले. तो गेल्यावर पडदा काळा झाला तरी त्या तशाच बसून होत्या. मग म्हणाल्या, "फोनवर! म्हणजे पोट्टा पुन्हा दोन शब्दांचा होऊन जाईल."

"नवा संगणक घ्या की," मी म्हणाले.

"नवा काहून? उसवून पाहू. कुठं कुठं वाढवता येते ते पाहू."

त्या दिवसापासून शिवणक्लासच्या कटिंग टेबलावर संगणक उघडून ठेवलेला. एका बाजूला मुली बाह्या कापताहेत, दुसऱ्या बाजूला काकू टेप घेऊन डब्याच्या आत वाकलेल्या. हातावर तुरपाई चालू असताना समोर मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ लावलेले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला संगणक चालू करता येतो आणि बंद पडला की माणूस बोलावता येतो. पण काकूंना पुठ्ठा कापताना कोणीतरी 'काहून' विचारायला लागे, आणि ते काम मला चांगलं येतं.

त्यातून मला जे कळलं ते असं, की संगणकाच्या दुनियेत एका नावाच्या दोन वस्तूंना एकमेकींचं तोंड बघवत नाही. मदरबोर्ड जुना, तो ठेवायचा, तर प्रोसेसर त्याच्याच बैठकीत बसणारा हवा. नवा कितीही चांगला असला तरी त्याच्या पिना वेगळ्या. रॅमचंही तसंच. नव्या रॅमची पट्टी दिसायला डिट्टो, पण मधली खाच जरा सरकलेली, म्हणून जुन्या बोर्डात शिरत नाही. "काज इकडं, बटण तिकडं," काकू म्हणाल्या. ग्राफिक्स कार्ड फार मोठं घेतलं आणि प्रोसेसर दुबळा राहिला, तर कार्ड नुसतं वाट पाहत बसणार. कार्ड जोरकस घेतलं तर वीज पुरवणारा डबा, ज्याला सगळे सप्लाय म्हणतात, तोही बदलायला हवा. आणि हे सगळं जमलं तरी कार्ड लांबीला कॅबिनेटमध्ये मावायला हवं.

एका खोक्यात हळूहळू पुठ्ठ्याचे सुटे भाग साठले. पुठ्ठ्याचा सप्लाय, पुठ्ठ्याच्या रॅमपट्ट्या खाचेसकट, पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड, त्यावर कंपासने काढलेले दोन पंखे. प्रत्येकावर पिवळ्या खडूने तो भाग किती वीज खातो ते लिहिलेलं. काकू ते डब्यात बसवत, दोन-तीन दिवस बघत आणि पुन्हा काढत. सकाळी येऊन आधी त्यात डोकावत. आपल्याला न कळता पुठ्ठा रात्रीतून वाढला असेल, असा काहीतरी त्यांचा समज असावा. तीन पंख्यांचं लांब कार्ड पुढच्या जाळीला टेकलं, ते बाद. दोन पंख्यांचं आखूड कार्ड राहिलं.

दुकानात मी बरोबर गेले. काउंटरवर काकूंनी पिशवीतून पुठ्ठ्याचं कार्ड काढून ठेवलं. दुकानदार तरुण होता. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"आंटी, ये स्कूल का प्रोजेक्ट है?"

"नहीं भैया. इतना ही चाहिए. इससे लंबा नहीं, इससे मोटा नहीं."

"बेटा खेलता है?"

"मैं चलाती हूँ. ट्रक."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी गंभीरपणे मान हलवली. माणूस भला होता. आधी पूर्ण नवा सेट घ्या म्हणाला, मग काकूंनी पुठ्ठे एकामागून एक मांडायला सुरुवात केल्यावर त्याला त्यात रस वाटू लागला आणि त्याने स्टूल पुढे ओढलं. काकूंनी निवडलेला सप्लाय त्याने बाजूला सारला. "आंटी, इतने में चलेगा तो सही, पर गरमी में हाँफेगा. थोड़ा ऊपर का लो." काकूंनी बराच विचार केला आणि ऐकलं. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "पोरगा बरोबर बोलला. रायपूरचा मे महिना मी धरलाच नव्हता."

जोडणी दुपारी झाली. क्लासला सुट्टी. काकूंनी हात धुतले, पदर खोचला आणि एकेक भाग असा बसवला की मी श्वास रोखून पाहत होते. प्रोसेसर बैठकीत गेला. रॅम टक् करून बसली. सप्लाय बसला. कार्ड आत गेलं, अगदी पुठ्ठा गेला होता तसं, बोटभर जागा ठेवून. मशीन चालू झालं, पडद्यावर उजेड आला. काकूंनी "बसलं" म्हणायला तोंड उघडलं, आणि डब्याचं झाकण लावायला घेतलं.

झाकण बसेना. कार्डाच्या वरच्या कडेला विजेची जाडजूड वायर लागत होती. ती बाहेर येऊन वाकायची, आणि तिच्या वाकण्याला जागाच नव्हती. पुठ्ठ्याच्या कार्डाला वायर नव्हती.

काकू झाकण हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा पडला की मला हसू येत असूनही हसवेना. "पोरींना रोज सांगते, रेघेवर कापू नका, शिवणीत थोडं सोडा," त्या म्हणाल्या, "अन् मी? मी रेघेवर कापलं!" मग खुर्चीत बसून त्या स्वतःच हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. झाकण काही बसलं नाही. पण उघडं ठेवायची सोय नाही, कारण रायपूरच्या त्या भागात खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी बोट फिरवलं तर दुपारी काळं निघतं. कारखान्यांची ती बारीक काळी धूळ दुधाच्या पातेल्यालाही सोडत नाही. काकूंनी मच्छरदाणीच्या जाळीचं एक कव्हर शिवलं, वायरच्या जागी चुण्या घातल्या, खाली इलॅस्टिक लावलं. संगणकाला झालर असलेला मी पाहिलेला तो एकमेव.

शनिवारी त्यांनी मुलाला फोन केला. "नवं वर्जन लावलं. चालून राहिलं."

"वाह आई," तो म्हणाला. मग जरा हळू, "वाह."

रविवारी काकू तयार होऊन बसल्या. पडद्यावरचा रस्ता आता इतका स्वच्छ होता की आरशात मागच्या गाडीचा रंगसुद्धा दिसत होता. मुलगा आला नाही. इंटरनेट गेलं होतं म्हणे. पुढच्या रविवारी ऑफिसचं काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी त्याचं अपडेट व्हायचं होतं. काकू एकट्याच माल पोचवून आल्या, इंडिकेटर देत, लाल दिव्याला थांबत. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.

मला त्या मुलाचा असा संताप आला! बाई साठीच्या वयात पिना आणि खाचा शिकते, आणि या साहेबांना रविवारचा एक तास निघत नाही. मी सरळ म्हणाले, "काकू, त्याला खेळायचंच नसेल आता. तुमच्या मशीनचं निमित्त होतं."

मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "निमित्त होतं, हव. पण खेळायचं नाही म्हणून नाही." त्यांनी हातातली सुई उशीत खोचली. "माप घ्यायला उभ्या राहिल्या का बाया पोट आत घेतात. बोलणं बदलते त्यांचं, आवाज वर जाते. हा फोनवर तसाच बोलून राहिला. पोट आत घेऊन."

"म्हणजे?"

"मागं तो बोलत असला का त्याच्या मशीनचे पंखे घरघर करत. शेवटचे काही रविवार नाही केली. बारीक शिट्टी वाजते. लॅपटॉप आहे तो, साधा. त्याच्यावर नवं वर्जन चालत नाही." "मी आपल्याच डब्याचं माप घेत बसली. त्याच्याजवळ काय उरलं, हे विचारलंच नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'आपके मशीन पे नहीं चलेगा' हे त्याने स्वतःच्या मशीनबद्दल म्हटलं होतं. आणि आईने बिचारीने ते चालवून दाखवल्यावर त्याची पळायची वाटच बंद झाली होती.

"विचारा ना मग त्याला," मी म्हणाले.

"विचारलं त अजून आत घेईल."

त्या खेळाचं जुनं वर्जनही मागून लावता येतं, हे त्यांनी शोधून काढलं. मग फोन लावला, स्पीकरवर. एवढं सफाईदार खोटं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

"अरे, ते नवं मले झेपत नाही बाप्पा. उजेड डोळ्यावर येते. आरशात मागच्या गाड्या इतक्या साफ दिसतात का भेव वाटते, कोणी येऊन धडकते का काय. मी जुनंच लावलं पुन्हा. तुले जुन्यावर करमत असंल त ये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पुराना वाला?" तो म्हणाला. मग हळूच, "आता हूँ, आई."

त्या रविवारी जुन्या, जरा धुरकट रस्त्यावर दोन ट्रक पुन्हा निघाले. काकूंच्या डब्यात नवंकोरं कार्ड झालरीच्या आत जुनीच चित्रं काढत बसलं होतं. सुरुवातीला तो इकडचं तिकडचं बोलला. पुण्याचा पाऊस, खालच्या मजल्यावरचा कुत्रा. घाट आला, "केशकाल," काकू म्हणाल्या. घाट गेला. मग स्पीकरमधून आवाज आला.

"आई, वो कंप्यूटर मैंने बेच दिया."

"हव."

"नौकरी भी नहीं है अभी. छूट गई."

"हव."

"आपको बताने वाला था."

काकूंनी इंडिकेटर दिला. "पुढं गाड्या उभ्या करायची जागा आहे. तिथं लाव."

"माल लेट हो जाएगा, आई."

"होऊ दे. उरल्याचा माल आहे, सडत नाही."

दोन्ही ट्रक एकमेकांशेजारी उभे राहिले. काकूंनी पायडलवरून पाय काढले आणि पहिल्यांदाच स्पीकरकडे वळून बसल्या, जणू तो त्या डबीत आहे. मी उठायला हवं होतं, पण उठले नाही.

"डबा बी विकला काय?"

"नहीं. खाली कैबिनेट पड़ा है. पुराना है, कोई लेता नहीं."

"मंग घेऊन ये."

"आई, उसमें कुछ नहीं है."

"म्हणूनच म्हणून राहिली. घेऊन ये. काय बसते, काय नाही, पाहू. तोंडी माप मी घेत नाही कोणाचं."

त्यानंतर स्पीकरमधून जो आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा, मला सांगता येणार नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरचे कप धुतलेलेच होते, मी ते पुन्हा धुतले. मनात येत होतं की आपल्या आईशी आपण शेवटचं असं बोललो कधी.

तो आला. चादरीत गुंडाळलेलं रिकामं कॅबिनेट छातीशी धरून रिक्षातून उतरला. दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मी मनात त्याला द्यायच्या शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्या त्याला पाहून विसरून गेले. काकूंनी नोकरीचं काही विचारलं नाही. चहा केला, कॅबिनेट टेबलावर ठेवलं, झाकण काढलं आणि टेप उघडला. "हे त चांगलं रुंद आहे," त्या म्हणाल्या. "याच्यात वायर वाकते." संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा खोक्यातले सगळे पुठ्ठे त्या कॅबिनेटमध्ये बसवलेले होते. प्रोसेसर, रॅम, कार्ड, सप्लाय. आख्खा संगणक, पुठ्ठ्याचा. मुलगा त्यासमोर स्टुलावर बसून पोहे खात होता आणि आईला हिंदीत काहीतरी समजावत होता, बहुधा पंखे कुठल्या तोंडाने लावायचे ते. तो इतका वेळ सलग बोलताना, आणि तेही समोर रस्ता नसताना, मी पहिल्यांदाच पाहत होते.

रविवारी भोंगा वाजला आणि मी खाली गेले. चाकामागे मुलगा होता. काकू बाजूला खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी स्वतःला क्लीनर नेमलं होतं. पल्ला संपला होता, आता एवढा मोठा ट्रक उलटा घेऊन गोदामाच्या चिंचोळ्या फाटकात घालायचा होता. मुलाला जमत नव्हतं. ट्रक एकदा भिंतीला घासला, एकदा आडवा झाला. त्याने चाक सोडून दिलं. "नहीं होगा, आई. आप करो."

काकू उठल्या, त्याच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि ट्रकच्या फाळक्यावर क्लीनर मारतात तसा खुर्चीच्या पाठीवर तळहात मारायला लागल्या.

"आन दे," त्या म्हणाल्या. "आन दे, आन दे... काहून थांबला? मागं मी आहे न. आन दे."